बिनकिनारीचा ट्रक

४ डिसेंबर १९९७, गुरुवार. त्या दिवशीचं काम : जुना हिरवा ऑइलपेंट गाळणे.

तारीख लक्षात राहिली ती गॅसमुळे. त्या सकाळी आमच्या घरी पहिल्यांदा सिलिंडर आलं, ते लावून घेण्यात उशीर झाला आणि मी दुकानात पोचले तेव्हा मास्साब दारात छत्री उघडून उभे होते. ऊन नव्हतं, पाऊस तर नव्हताच. बालाघाटात डिसेंबरात जशी असते तशी थंडी होती.

छत्रीबद्दल आधी सांगून टाकते, कारण लोक तेच विचारतात. मास्साबांचं म्हणणं असं, की उन्हात रंग खोटा दिसतो आणि दुकानाच्या अंधारात त्याहून खोटा. खरा रंग बघायचा तर बाहेर, पण सावलीत. म्हणून ते गिऱ्हाइकाला रंगाच्या डब्यासकट रस्त्यावर आणत, त्याच्या डोक्यावर छत्री धरत आणि म्हणत, "आता पाहा." बस स्टँडकडे जाणारे रिक्षावाले ओरडत, "मास्साब, बाजूले व्हा!" मास्साब जागचे हलत नसत. रिक्षाच वळून जाई.

ते शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. रिटायर झाल्यावर गोंदियाच्या पुतण्याने भांडवल घातलं आणि रंग-हार्डवेअरचं दुकान निघालं. चुना, सिमेंट, पत्रे, खिळे, सगळं असे, पण मास्साबांचा जीव रंगात. त्यांच्याकडे कंपनीचं शेड कार्ड होतं, ते त्यांनी कपाटाच्या पायाखाली घातलं होतं, कपाट डुगडुगत होतं म्हणून. त्यांचं शेड कार्ड म्हणजे त्यांची सायकल. मडगार्ड एका रंगाचं, हँडल दुसऱ्या, चेनकव्हर तिसऱ्या, कॅरिअरची एकेक पट्टी वेगळी. गावात लोक रंग तसाच मागत. "मास्साबच्या हँडलचा द्या." "कॅरिअरची मधली पट्टी आहे ना, ते पाह्यजे." खैरलांजीचा एक माणूस दर वेळी पेडलचा रंग मागायचा आणि पेडलला रंगच नव्हता, नुसता गंज होता. मास्साबांनी त्याला गंजाचा रंग बनवून दिला. त्याचं घर अजून त्या रंगाचं आहे आणि वाईट दिसत नाही.

मी तिथे लागले ती आमच्या ह्यांच्यामुळे. हे दुकानाचा ट्रक चालवत. मी ह्यांचा जेवणाचा डबा द्यायला जायची. एकदा मास्साबांनी माझ्यापुढे पांढऱ्या रंगाचे तीन डबे उघडले आणि विचारलं, "बाई, यातला सगळ्यात पांढरा कोणता?"

मी म्हटलं, "तिन्ही पांढरेच आहेत. स्वस्त कोणता ते सांगा."

त्यांनी तिन्ही डब्यांची झाकणं लावली. मग म्हणाले, "उद्यापासून या."

हा माणूस मला कळला असं मी म्हणणार नाही. आठ वर्षं त्यांच्या गल्ल्यावर बसले, त्यांच्या खोकल्यावरून त्यांना काय हवं ते ओळखायची, तरी सांगा म्हटलं तर नीट सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र खात्रीची. मास्साबांच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी कधी ऐकला नाही. नकार त्यांना देताच येत नसे. कोणी काही मागितलं की "हौ" म्हणत. आणि मग असं काही करत, की समोरचा आपण होऊन परत जाई.

रामपायलीचा एक शेतकरी झोपायच्या खोलीला पोपटी रंग मागायला आला होता. मी म्हटलं असतं, नका घेऊ, डोळे दुखतील. मास्साब म्हणाले, "हौ, देतो ना. पण सुरुवात आरशासमोरच्या भिंतीपासून करजा." आठवड्याने माणूस डबा घेऊन परत. "मास्साब, हा बदलून द्या. आरशात मीच आजारी दिसून राह्यलो. बायको म्हणते डॉक्टरले दाखवा."

दुसरी गोष्ट मला त्यांच्या मुलीने सांगितली. तिला बघायला एक स्थळ येणार होतं. तिला ते नको होतं, मास्साबांनाही नको होतं, पण काकूंनी, म्हणजे मास्साबांच्या बायकोने, आपल्या भावाला शब्द दिला होता. मास्साब म्हणाले, "हौ, येऊ द्या." आणि पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीला चारी बाजूंनी ऑइलपेंट दिला. खिडक्या बंद. पाहुणे आले, बसले, डोळ्यांतून धारा. मुलाच्या आईला उलटी झाली. चहा यायच्या आत मंडळी उठली आणि पुढे निरोप आला की घर हवेशीर नाही. काकू मास्साबांशी महिनाभर बोलल्या नाहीत. मास्साबांनी कोणाला नकार दिला नव्हता, घराला रंग दिला होता.

हे मला तेव्हा ठाऊक होतं. ठाऊक असूनही ट्रकच्या वेळी माझ्या डोक्यात ते आलं नाही, म्हणून आधी सांगून ठेवलं.

तर ट्रक. तो जबलपूरच्या लिलावातून आणलेला फौजेचा जुना ट्रक होता. उंच, नाकाड, दार लावलं की शेजारची कुत्री उठायची. आणला तेव्हा फौजी हिरवा होता. तो रंग साध्या गाडीला चालत नाही, कायद्यानेच चालत नाही, म्हणून पासिंगच्या आधी मास्साबांनी स्वतः उभं राहून त्याला निळा दिला होता. गाडी पुतण्याच्या नावावर, चालवायचे आमचे हे, आणि ती उभी राहायची दुकानामागच्या आवारात, बांबूच्या बेटाशेजारी.

त्या गुरुवारी मास्साब छत्री मिटून आत आले. मी जुन्या डब्यावरची साय काडीने उचलत होते. ऑइलपेंटचा डबा बरेच दिवस पडला की वर दुधासारखी जाड साय धरते. ती काढायची, खालचा रंग सुती फडक्यातून गाळायचा, थोडं टर्पेंटाइन घालून ढवळायचं, की नव्यासारखा होतो.

"बाई, हिरवा निघन का पुरेसा?"

"कायले पुरेसा?"

"ट्रकले."

"ट्रक निळा आहे, मास्साब."

"हौ," ते म्हणाले. "आज आहे."

मग त्यांनी पिशवीतून फौजी रेनकोटाचा फाटका तुकडा काढून माझ्यासमोर पसरला. हिरवा, मातकट, काळपट, असे एकात एक सांडलेले डाग. "असा द्यायचा आहे. हिरवा तुम्ही गाळा. मातीचा मी बनवतो. काळा आहे."

मी विचारलं, "काहून?" ते सायकलची घंटी पुसायला लागले.

आता यात माझं काय अडलं होतं, ते सांगते. ट्रक पुढच्या आठवड्यात ठेक्यावर जाणार होता. उकव्याच्या पुढे, जंगलात, रस्त्याचं काम निघालं होतं. गिट्टी-सिमेंट पोचवायला ठेकेदाराला ट्रक हवा होता, ड्रायव्हरसकट. पुतण्याने गोंदियाहून परस्पर हो म्हणून टाकलं होतं. त्या दिवसांत तिकडच्या जंगलात बंदूकवाले होते. आमच्याकडे त्यांना 'दादा लोक' म्हणत, तेही हळू आवाजात. त्यांना रस्ता नको होता. ठेकेदारांच्या गाड्या जाळतात असं कानावर यायचं. पोलिसांची गाडी असली तर जाळायच्या भानगडीत पडत नाहीत, रस्त्यातच सुरुंग असतो, असंही यायचं. यातलं खरं किती, वाढवलेलं किती, कोण जाणे. पण नवरा माझा जाणार होता, त्यामुळे मला सगळं खरं धरूनच चालायचं होतं.

मी ह्यांना सांगून पाहिलं होतं.

"अजी, नका जाऊ. पुतण्याले सांगा, दुसरा ड्रायव्हर पाहा म्हणा."

"भेतो काय मी?"

"भेत नसान. पण गाडी पेटली, का भेणारा आन न भेणारा दोघंही आतच राहते."

"तू गल्ल्यावर बस," हे म्हणाले. "गाडीचं मले समजते."

स्टँडवरच्या ड्रायव्हर लोकांनी ह्यांना चिडवलं होतं, हा नुसता गोंदिया-बालाघाट करतो, घाट कधी पाह्यला नाही म्हणून. त्यामुळे आता कोणी हात धरून थांबवलं असतं तरी हे हात सोडवून गेले असते. मास्साबांनाही मी म्हटलं होतं, की तुम्ही पुतण्याला नाही म्हणा. मास्साब म्हणाले होते, "हौ, पाहतो." म्हणजे झालंच.

आणि आता तेच मास्साब त्या ट्रकला फौजी रंग देत होते. मी गाळलेला हिरवा घेऊन.

त्यांनी प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं. पेंटरला सांगितलं, सव्वीस जानेवारीची झाकी, म्हणजे मिरवणुकीतला चित्ररथ, काढायची आहे. काकूंना सांगितलं, निळ्यावर डास बसतात. पोस्टमनला, हिरवा शिल्लक होता. आमच्या ह्यांना म्हणाले, "गाडी फौजेतून रिटायर झाली. तिले तिचा ड्रेस घालू द्या." हे इतके खूश, की घरी येऊन मलाच ऐकवलं, "पाह्य, मास्साबले गाडीची कदर आहे." मी गल्ल्यावर बसून ही सगळी कारणं ऐकत होते आणि एकही दुसऱ्याला चिकटत नव्हतं. मला त्यांनी कुठलंच दिलं नाही. मला फक्त कामाला लावलं.

ते काम असं. ट्रक बांबूच्या बेटाला लावून उभा. पेंटर खडूने डाग आखून भरत होता. मास्साब ट्रकजवळ उभे राहत आणि मला आवाराच्या फाटकापर्यंत, रस्त्यावर पाठवत.

"बाई, काय दिसते?"

"ट्रक."

"कसला?"

"आपला."

त्यांचा चेहरा पडे. मला वाटे, बांबूत लपला नाही म्हणून नाराज झाले. असा रंग लपायलाच असतो, एवढं मलाही कळत होतं. मग ते पेंटरला म्हणत, इथे काळा वाढव, तिथला निळा अजून डोकावून राह्यला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं आणि मी रस्त्यावर उभी.

"काय दिसते?"

तिसऱ्या की चौथ्या वेळी डाग सगळे भरून झाले होते आणि मी जे दिसलं ते बोलून गेले. "मिलिटरीची गाडी दिसते, मास्साब. आन ते बरं नाही. अशी गाडी जंगलात गेली तर तिकडचे लोक काय समजतीन?"

"काय समजतीन, बाई?"

"पोलीस समजतीन! मिलिटरी समजतीन! अंदर कोण बसलं आहे हे कोणी विचारन काय?"

"मंग बरोबर," मास्साब म्हणाले. आणि डबा उघडून जेवायला बसले.

मी उभीच. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीतले वाटाणे नेहमीसारखे आधी बाजूला काढले, ते एकेक करून खाल्ले. मला तेव्हा खरंच वाटलं, की म्हातारा कामातून गेला. गल्ला बंद करून मी चौकातल्या एसटीडीवर गेले आणि पुतण्याला गोंदियाला फोन लावला. म्हटलं, तुमचे काका ट्रकला रंग देऊन राहिले. तो म्हणाला, "देऊ द्या ना. गंजतच होता. गाडी वेळेवर पोचली पाह्यजे, बस." मी म्हटलं, अहो, फौजी रंग. तो हसला. म्हणाला, काकाची सायकल पाह्यली नाही काय तुम्ही, आणि फोन ठेवला.

त्यानंतर मास्साब तापाने पडले आणि तीन दिवस दुकानात आले नाहीत. तेवढ्यात पेंटरने काम पुरं केलं.

पेंटर आमच्या गावातला जुना माणूस. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती आणि ट्रक. ट्रकवर त्याचा हात असा, की मोर काढला तर लोक चहा टाकून बघायला येत. पण किनारीशिवाय त्याला काही रंगवताच येत नसे, आणि त्याचा त्याला अभिमान होता. त्याने त्या ट्रकच्या प्रत्येक डागाला, हिरव्याला, मातकटाला, काळ्याला, सगळ्यांना बारीक पिवळी किनार मारली. हात जराही हललेला नव्हता. एवढंच नाही, डाव्या बाजूचे डाग आणि उजव्या बाजूचे डाग आरशात बघावे तसे त्याने जुळवून घेतले होते. बोनेटवर लाल अक्षरात 'शुभ लाभ'. मागच्या फळीवर मोर नव्हता, कारण झाकीला मोर चालतो की नाही हे विचारायचं राहिलं होतं.

मास्साब चौथ्या दिवशी स्वेटर-मफलर घालून आले आणि आवारात शिरताच थबकले. छत्री खाली पडली. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"हे काय केलं गा तू?"

"किनार मारली, मास्साब."

"कोणं सांगतलं तुले?"

"सांगाले कायले लागते?" पेंटर खरोखर गोंधळला होता. "बिनकिनारीचं काम असते काय कुठं? लोक म्हणतीन पेंटरले येत नाही. रंग सांडला वाटते नुसता."

"सांडलेलाच पाह्यजे होता!"

मास्साबांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. पेंटर त्यांचा शाळेतला विद्यार्थी होता हेही मला तेव्हाच कळलं. "सहावीत सांगतलं होतं तुले," मास्साब म्हणत होते. "निसर्गात रेघ कुठं असते? झाडाले रेघ असते? सावलीले असते? रेघ माणूस मारते. वही फाडली होती मी तुयी."

"हौ, आन मी त्या दिवशीच शाळा सोडली," पेंटर म्हणाला. "आन रेघाच मारून पोट भरून राह्यलो."

मला दोघांचंही पटत होतं. किनारीने ट्रक वाईट दिसत नव्हता. लग्नाच्या रुखवतात ठेवावा असा दिसत होता. मास्साब एवढे कशाने चिडले, ते मला कळेना. आठवडाभर मीच त्या रंगाच्या नावाने रडत होते. आता जरा हसू येण्यासारखं झालं होतं, तर मास्साब ओरडत होते.

तेवढ्यात ठेकेदाराची जीप आली. गाडी बघायला आणि वेळ ठरवायला. ठेकेदार जाड, मोकळा, हसरा माणूस. फाटकातून आत आला, ट्रककडे बघितलं, पहिल्यांदा दचकला. पाऊल मागे घेतलं, मी नीट पाहिलं. मग जवळ आला, किनारीवरून बोट फिरवलं, 'शुभ लाभ' वाचलं आणि पोट धरून हसायला लागला.

"मास्साब! ये क्या है? बारात ले जानी है क्या? मैं तो समझा फ़ोर्स की गाड़ी खड़ी है. एक मिनट जान सूख गई मेरी."

"चलेगी?" आमचे हे पुढे झाले.

"फ़ोर्स की लगती तो मैं हाथ न लगाता, भाई. मेरी सब गाड़ियाँ साथ में मारी जातीं. पण ही तो," तो मराठीवर आला, "ही तो नवरदेवाची गाडी आहे. हिले कोण मारन? चालते. उद्या दहा वाजता मुनीम येईल, गाडी भरून थेट लावून द्या."

हे हसले. पेंटर हसला, त्याची लाज राहिली होती. ठेकेदार जीपमध्ये बसून गेला. हसले नाहीत ते फक्त मास्साब. मी चहा मागवला, तो त्यांच्यासमोर निवला.

मग ते पेंटरला म्हणाले, हळू, "किनार पुसून दे बाबा. आताच. तुले लागन ते देतो."

पेंटरने ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात टाकले. "मास्साब, तुम्ही वही फाडली तवा मी लहान होतो. आता माह्या हातानं मी माही रेघ नाही पुसत." आणि सामान उचलून निघून गेला.

मास्साबांनी स्वतः ब्रश घेतला. ताप नुकताच उतरला होता. ड्रमवर चढायला गेले, मी खाली उतरवलं. "उद्या दहाले मुनीम येईल, बाई," ते म्हणाले. एवढंच. कर म्हणाले नाहीत, करू नको म्हणाले नाहीत. छत्री घेऊन घरी गेले. सायकल विसरले.

संध्याकाळी घरी हे वळकटी बांधत होते. शीळ घालत होते. मी नव्या गॅसवर भाकरी टाकत होते, आच कमी-जास्त करायची सवय नव्हती, पहिली करपली. धुराने डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्या स्थळाच्या मंडळींची आठवण झाली, ऑइलपेंटच्या खोलीत बसून डोळे पुसणाऱ्या. मग ठेकेदाराने फाटकात मागे घेतलेलं पाऊल आठवलं. 'फ़ोर्स की लगती तो मैं हाथ न लगाता.' मग पोळीचा तुकडा मोडत म्हटलेलं 'मंग बरोबर'.

दुसरी भाकरीही करपली.

आता पुढचं आधी सांगून मोकळी होते. ट्रक त्या रस्त्याला गेला नाही. मुनीम आला, फाटकातूनच त्याने गाडी पाहिली, विश्वास बसेना म्हणून जवळ येऊन हात लावला, हिरवा झालेला हात धुवायला माझ्याकडून रॉकेल घेतलं आणि सेठला विचारून येतो म्हणून गेला तो गेलाच. ठेकेदाराने दुसरी गाडी लावली. पुतण्या गोंदियाहून आला, मास्साबांवर खूप ओरडला, मास्साब प्रत्येक वाक्याला "हौ" म्हणाले. होळीच्या आत ट्रक पुन्हा निळा झाला. आमचे हे माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत, मग बोलले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "भाजीत मीठ नाही."

आणि हेही सांगायला हवं : त्या हंगामात त्या रस्त्यावर काहीच झालं नाही. कोणाची गाडी जळाली नाही. रस्ता पुरा झाला, आता त्यावरून बैहरची बस जाते. आमचे हे ती बस दिसली की मला अजून ऐकवतात, "पाह्यलं? काही झालं काय?" मी म्हणते, "नाही झालं. जेवून घ्या."

मास्साबांना मी एकदा सरळ विचारलं. त्यांच्या शेवटच्या आजारात. म्हटलं, तो रंग तुम्ही गाडी जाऊ नये म्हणून दिला होता ना? ते म्हणाले, "हौ." मला बरं वाटलं. मग मी विचारलं, की सव्वीस जानेवारीची झाकी काढायची होती का? म्हणाले, "हौ." डास? "हौ." किनारीवर चिडले ते गाडी आता जाणार म्हणून, की निसर्गात रेघ नसते म्हणून? या प्रश्नावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, रेघ वाईटच." यातून काय घ्यायचं ते मला कळलेलं नाही. ते गेले तेव्हा मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. पूर्ण दिवस ठेवलं असतं तर गिऱ्हाइकं खोळंबली असती.

पण त्या संध्याकाळी मला हे काही ठाऊक नव्हतं. खात्री नव्हती, विचारायला वेळ नव्हता, आणि दहा वाजता मुनीम येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळीला गेले तशी मी घरून निघाले. दुकानाची मागची कडी काढली, गाळलेल्या हिरव्याचा डबा उघडला, त्यावर पुन्हा पातळ साय धरली होती ती काढली. मातकट आणि काळा शेजारी ठेवला. जुनी साडी खोचून ड्रमवर चढले आणि बोनेटपासून सुरुवात केली. आधी 'शुभ लाभ' झाकलं. मग एकेक किनार. आतला रंग बाहेर ओढायचा, बाहेरचा आत, रंग सांडल्यासारखं दिसेपर्यंत. पेंटरचा हात खरंच चांगला होता, पुसताना वाईट वाटलं. डाव्या-उजव्या बाजूचं जुळणंही मोडायचं म्हणून एका दारावर काळ्याचा एक मोठा डाग जास्तीचा ओढला. रंग ओला राहणार होता, पण लांबून ओलं-वाळलं कळत नाही.

मागची फळी संपत आली तेव्हा फाटकाशी छत्री दिसली. मास्साब सायकल न्यायला आले असावेत. आत आले नाहीत. रस्त्यावरच, मी उभी राहायची त्या जागी उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले.

मी ड्रमवरून ओरडले, "काय दिसते, मास्साब?"

"मिलिटरीची गाडी, बाई."

"मंग बरोबर," मी म्हटलं. रॉकेलच्या फडक्याने हात पुसले आणि जाऊन दुकान उघडलं.